सोळाला सोळा

आमच्या भागात लग्नाचा थाट भोंग्यांवर मोजायचे. जेवणात काय होतं, नवरी कशी होती, ते सगळं मागून. आधी विचारणार, "किती भोंग्याचं लगीन?" दोन भोंग्यांचं म्हणजे बेताचं. चार भोंग्यांचं म्हणजे बक्कळ जमीन असलेल्या घरचं. आणि पिंगळी स्टेशनाच्या अलीकडं-पलीकडं पाच-सहा गावांत भोंगे भाड्यानं देणारा मी एकटाच. त्यामुळं कुणाचं लग्न किती मोठं, हे एका अर्थी माझ्या हातात होतं. त्याची मस्ती होतीच मला, उगं नाही कशाला म्हणू.

शेती होती, पण शेतात माझा जीव रमला नाही. मॅट्रिकला दोनदा आपटलो आणि परभणीला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दोन वर्षं बसून काम शिकलो. परत येऊन गावातच दुकान टाकलं. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. मशीन गरम व्हायच्या आधी मी गरम. गिऱ्हाईकानं एकच गोष्ट दोनदा विचारली की माझं टाळकं सरकायचं. पुढं जे घडलं त्यात या तापटपणाचा मला लय उपयोग झाला, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आणखी एक गोष्ट आधी सांगावी लागेल, नाहीतर माझा गुन्हा कळायचा नाही. भोंग्याच्या मागं जे गोल डबडं असतं त्याला आम्ही युनिट म्हणतो. त्यावर एक आकडा असतो. माझ्याकडच्या सगळ्यांवर सोळा होता. मशीनच्या म्हणजे अँप्लिफायरच्या पाठीवर स्क्रूंची पट्टी असते, तिच्यावर चार, आठ, सोळा असे आकडे. एकच भोंगा असला की तो सोळाच्या स्क्रूला लावायचा. एवढं कुणालाही जमेल. खरी मेख पुढं आहे. दोन भोंगे शेजारी शेजारी जोडले की आकडा वाढत नाही, उलटा निम्मा होतो. दोघांचे मिळून आठ. चार जोडले तर चौघांचे मिळून चार. म्हणून चार भोंगे चारच्या स्क्रूला. ते चुकून सोळाच्या स्क्रूला लावले तर मशीन लगेच बंद पडत नाही. थोडा वेळ जोरात वाजतं, ऐकणाऱ्याला वाटतं, वा, काय आवाज आहे! आणि आतल्या आत भाजत जातं. आम्ही शिकत होतो तेव्हा वस्तादानं पहिल्या आठवड्यात हेच सांगितलं होतं, आणि दोन कानाखाली देऊन पक्कं करून घेतलं होतं.

गावाला लागून ओढ्याच्या पलीकडं बौद्धवाडा. जुनी माणसं त्याला जे नाव घ्यायची ते मी इथं लिहीत नाही. तिथल्या जयंतीला, लग्नाला भोंगा माझ्याकडूनच जायचा, पण एकच. आणि त्याचं तोंड गावाकडं करायचं नाही, शेताकडं करायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण गावात सगळ्यांना पाठ होतं. त्यांनी दुसरा भोंगा मागितला की मी म्हणायचो, "मशीनला झेपत न्हाई." तेच मशीन आदल्या दिवशी गावातल्या एखाद्या घरच्या लग्नात चार भोंगे ओढून आलेलं असायचं. त्यांना ऐकू येत होतंच की. तरी मी तोंड वर करून म्हणायचो.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात मराठवाडा पेटला. आमच्या गावात घरं जळाली नाहीत. हे आम्ही पुढं कित्येक वर्षं छाती काढून सांगायचो, जसा काही न जाळण्यात मोठा पराक्रमच होता. बौद्धवाड्यातल्या माणसांना दोन महिने कुणी कामावर बोलावलं नाही, ते मात्र सांगत नव्हतो. आणि मी पुढच्या जयंतीला भोंगा दिला नाही. "वातावरण बरं न्हाई," एवढंच म्हणालो.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी, मार्च महिन्यातल्या एका दुपारी तो आला.

तो म्हणजे माझ्याबरोबर सातवीपर्यंत शिकलेला, बौद्धवाड्यातला. वर्गात दाराशी बसायचा. गणितात मला त्याची पाटी बघून लिहावं लागायचं. शाळेत आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायचो. शाळा सुटली आणि एक दिवस रस्त्यात त्यानं मला "मालक" म्हटलं. मी काही त्याला अडवलं नाही. पुढं तो पूर्णेला रेल्वेत खलाशी म्हणून लागला. वाड्यात पगार घेणारा तो पहिला, त्यामुळं तिथं त्याच्या शब्दाला वजन होतं. म्हातारी आई वाड्यातच राहायची, तो शनिवार-रविवार गावाकडं यायचा.

सायकलच्या मागं पोतं बांधलेलं होतं. त्यानं ते सोडलं आणि आतून मशीन काढलं. हैदराबादहून आणलेलं, वापरलेलं, पण माझ्या मशीनपेक्षा भारी. पुढची पट्टी अशी चकचकीत, की माझं तोंड दिसावं त्यात. वाड्यानं वर्गणी करून घेतलं होतं. भोंगेही चार आणले होते.

"मालक, एक इचारायचं व्हतं," तो म्हणाला. "जयंतीला चारी भोंगे लावायचे हायत. कसे जोडायचे ते सांगा की. म्या हे काम कधी केलेलं न्हाई."

मला काय झालं, ते आज सांगतो. जळलो मी. हे लोक आता माझ्या दारात येणार नाहीत. मशीनला झेपत नाही, हे सांगायला समोर कुणी उभंच राहणार नाही. वर त्यांच्याकडं चार भोंगे! आणि हा मलाच विचारायला आलाय, इतक्या भरवशानं. त्या भरवशाचाही मला राग आला.

"भोंग्यावर काय लिवलंय?" मी विचारलं.

"सोळा."

"मशीनवर सोळाचा स्क्रू हाय का?"

"हाय."

"मंग? सोळाला सोळा. येवढं बी कळंना व्हय?"

त्यानं खिशातून वहीचं पान काढलं, पेन्सिलीनं लिहून घेतलं. मग थांबला. गणितातला माणूस तो, त्याला कुठंतरी खटकलं असणार. पानाकडं बघतच म्हणाला, "चारी बी तिथंच?"

इथं मला एक शब्द बोलायचा होता. "न्हाई." बस. तेवढ्यानं सगळं निभावलं असतं. मी त्याच्याकडं बघितलं, त्या चकचकीत पट्टीकडं बघितलं, आणि ओरडलो, "सांगितलं ना एकदा! किती डोकं खाशील?"

"चिडू नगा मालक," तो म्हणाला. पानाची घडी करून खिशात ठेवली, मशीन पोत्यात घातलं आणि गेला. मी खोटं काहीच बोललो नव्हतो. एका भोंग्याला सोळाला सोळा हे बरोबरच होतं. पुढं लय वर्षं मी स्वतःला हेच समजावत बसलो, की "चारी तिथंच" असं मी म्हटलेलं नाही.

जयंतीच्या दिवशी मी दुकानातच बसून होतो. दुपारी तीनच्या सुमारास ओढ्याकडून आवाज आला. चार भोंगे, त्यातला एक सरळ गावाकडं तोंड करून. पारावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. आवाज असा खणखणीत की माझ्या दुकानातल्या स्क्रू-नटांच्या काचेच्या बरण्या थरथरायला लागल्या. कुणीतरी मला म्हणालं, "ऐकलं का, तुमच्या पोटावर पाय आला." मी हसलो. मला पुढचं माहीत होतं.

पाऊण तास वाजलं असेल. मग आवाज जाड झाला, घोगरा झाला, जसा सर्दी झालेल्या माणसाचा होतो. थोडं खरखरलं आणि गप. मला बरं वाटलं. हे लिहायला हात धजत नाही, पण वाटलं, हे खरं आहे. चहाचा अर्धा कप हातात होता, तो मी चवीनं संपवला.

पाच-दहा मिनिटांत वाड्यातली तीन-चार माणसं धावत आली. घामाघूम झालेली. "मालक, मशीन जळालं. नांदेडची गाणारी मंडळी येऊन बसल्यात. आजूबाजूच्या गावचं लोक आलंय. आमची इज्जत जायलीय बगा. काय बी करा."

एरवी ते लोक मशीन घेऊन जायचे, मी कधी ओढा ओलांडला नव्हता. त्या दिवशी मी माझं मशीन स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि निघालो. का गेलो? दया आली म्हणून गेलो असं सांगितलं असतं, तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण मला बघायचं होतं.

तो मांडवाच्या कडेला जमिनीवर बसला होता. मशीन उघडलेलं, जळका वास सुटलेला, बोटं काळी झालेली. शेजारी ते वहीचं पान दगडाखाली ठेवलेलं. त्याची आई त्याच्या डोक्याशी उभी राहून सगळ्यांदेखत बोलत होती, "शिकलेला म्हून लोकानं भरवसा ठिवला तुह्यावर. येत न्हाई तर हात कामून लावायचा? मालकाला बोलवलं असतं तर?" तो मान खाली घालून ऐकत होता.

मी सोळाच्या स्क्रूवरून वायरी काढल्या आणि माझ्या मशीनच्या चारच्या स्क्रूला लावल्या. त्याच्या नाकासमोर. पाच मिनिटांचं काम. चारही भोंगे वाजायला लागले आणि सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्या पुढाऱ्यानं मला हाताला धरून स्टेजवर नेलं, पाहुण्यांसाठी आणलेल्या हारांतला एक हार माझ्या गळ्यात घातला. माईकवरून म्हणाला, "अडल्या वेळंला धावून आला. माणूस असावा तर असा." मी हात जोडले. स्टेजवरून तो दिसत होता. जळकं मशीन पोत्यात भरता भरता थांबून तोही टाळ्या वाजवत होता.

तो हार मी घरी आणला नाही. ओढ्यात टाकला. पण गळ्यात तर घालून घेतला होता.

त्या दिवसानंतर वाड्यात त्याचा शब्द संपला. लोकांच्या घामाची वर्गणी त्यानं जाळली, असं झालं. कुठलीही कमिटी होवो, त्याला कुणी विचारीना. एखाद्यानं काही नवीन करायचं म्हटलं की दुसरा म्हणायचा, "कर बाबा, पर मशीन जाळू नगंस." हळूहळू त्याचं शनिवारचं येणं बंद झालं. पूर्णेला क्वार्टर मिळालं, तिथंच राहिला. म्हातारी काही गाव सोडून गेली नाही. वाड्यानं पुन्हा मशीन घेतलं नाही, नुसते पडून राहिलेले चार भोंगेही विकून टाकले. माझ्याच दारात येत राहिले.

मी त्यांना दरवर्षी चार भोंगे द्यायला लागलो, न मागता. गावातले काही जण तडकले, "लय पुळका आलाय तुला." मी त्यांच्या अंगावर जायचो, भांडायचो. भांडून आलो की छान झोप लागायची. आपण फेडतोय असं वाटायचं. वाड्यातले लोक मला अजून जास्त मान द्यायला लागले. खोटं पुण्य असं साठत गेलं, आणि मी ते साठू दिलं.

मध्ये एकदा पूर्णा जंक्शनवर तो भेटला. मी परभणीच्या गाडीची वाट बघत होतो, तो ड्यूटी संपवून चालला होता. मला बाकड्यावर बसवून त्यानं चहा आणला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी न विचारताच तो म्हणाला, "त्या मशीनीचं कळंना झालंय बगा मालक. तुमी सांगितल्यावानीच सगळं केलं व्हतं. सोळाला सोळा. तरी कसं जळालं आसंल?"

माझ्याकडं बघत होता. अगदी सरळ. गाडी यायला अजून वेळ होता, आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं, सांगून टाकायला याच्यापेक्षा चांगली जागा कुठली असणार? आणि मी म्हणालो, "जुनं मशीन व्हतं. तसल्याचा काय भरवसा."

"आसंल," तो म्हणाला. माझा रिकामा कप घेऊन परत द्यायला गेला. पहिल्या वेळी मी रागात होतो, असं म्हणता येतं. या वेळी मी रागात नव्हतो.

मग त्याची आई गेली. मातीला मी गेलो होतो, लांब उभा राहिलो. आणि त्यानंतर दोन वर्षांनी, संक्रांतीच्या दिवशी, रेडिओवर बातमी आली की विद्यापीठाचं नाव बदललं. बौद्धवाड्यात माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती, असं ओढ्यावर पाणी भरणाऱ्या बायकांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुपारची सभा ठेवली. मी सकाळीच मशीन आणि चार भोंगे घेऊन गेलो. अलीकडं मीच जोडून देत होतो.

तीन भोंगे बांधून झाले, तेवढ्यात मागून आवाज आला, "चौथा गावाकडं तोंड करून लावा." वळून बघितलं तर तो. केस पिकलेले. पूर्णेहून सभेसाठी आला होता. मी चौथा भोंगा गावाकडं तोंड करून बांधला. माझ्या घराच्या गच्चीवरचं वाळवण तिथून दिसत होतं.

मांडवात माणसं जमायला लागली. मी मशीनपाशी उकिडवा बसून वायरी सोलत होतो. तो येऊन माझ्या शेजारी तसाच बसला. चारी भोंग्यांच्या वायरी एकत्र पिळून मी चारच्या स्क्रूखाली घातल्या, आवळल्या. तो बोटं बघत होता. मशीन चालू केलं, लाल दिवा लागला. तेव्हा तो हळूच म्हणाला, "सोळाला सोळा न्हाई लावलंस?"

शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा तो माझ्याशी एकेरीत बोलला होता. माझ्या हातातला पेचकस खाली पडला.

"तुला... कवा कळलं?"

"जयंतीच्या चवथ्या दिवशी. पूर्णेत एका मेकॅनिकाला दाखवलं. त्यानं उघडलं अन् पहिलंच इचारलं, कुण्या येड्यानं सोळावर चार लावले म्हून."

"मंग बोललास कामून न्हाईस?"

"कुणाला बोलू? वाड्यात बोललो आसतो तर लोक काठ्या घिऊन तुह्या दुकानावर आले आसते. तुमचं गाव बाहीर पडलं आसतं. कुणाची टकुरी फुटली आसती, तुला बी माहीत हाय. घरं ऱ्हायली नसती आमची. अन् दुसऱ्या साली भोंगा कुणी दिला आसता?" तो हे सगळं अगदी शांतपणे बोलत होता, जसं काही गाडीचं टाइमटेबल सांगतोय. मग म्हणाला, "आईला बी न्हाई सांगितलं. तिच्या तोंडात ऱ्हायलं नसतं. गेली तवर तिला वाटायचं, पोरगं येडं निघालं."

माझे डोळे भरून आले. मी त्याचा हात धरायला गेलो. "चुकलं माझं," मी म्हणालो. "लय चुकलं रे. काय करू सांग. तुझ्या पाया पडू का?"

त्यानं हात काढून घेतला. रागानं नाही, सहज. "मला सांगून काय करतूस? मला तर माहीत हाय." त्यानं स्टेजवरच्या माईककडं बोट केलं. "ह्या लोकांला सांग. चालू हाय ना मशीन?"

मी उठलो. खरंच उठलो, आणि सांगायचंच असं ठरवून उठलो. चार पावलांवर माईक होता. समोर सतरंज्यांवर माणसं बसली होती, बाया नवी लुगडी नेसून आल्या होत्या. पहिल्या रांगेत तो म्हातारा पुढारी होता, ज्यानं मला हार घातला होता. मला बघून त्यानं दोन्ही हात जोडले. त्यांच्या डोक्यावरून पलीकडं गाव दिसत होतं, पारावरची माणसं, माझं दुकान, गच्चीवर वाळवण गोळा करत असलेली बायको. चौथ्या भोंग्याचं तोंड तिकडंच होतं. मी बोललेला शब्द न शब्द त्या सगळ्यांना ऐकू जाणार होता.

माईक हातात घेतला. मंडप गप्प झाला.

"हॅलो," मी म्हणालो. "हॅलो... माईक टेस्टिंग. एक, दोन, तीन."

आणि माईक परत जागेवर लावला.

खाली उतरलो तेव्हा तो मशीनपाशीच उभा होता. त्यानं आवाजाचं बटण थोडं कमी केलं, पडलेला पेचकस उचलून माझ्या हातात दिला.

"आवाज बरोबर येयलाय मालक," तो म्हणाला, आणि मागं जाऊन बसला.